उजवीकडचा उजेड

साप्ताहिकाचं ते पान तिने आधी डोळ्यांजवळ धरलं, मग हात लांब करून पाहिलं, आणि शेवटी टेबलावर पसरून त्यावर भिंग फिरवलं. कसंही पाहिलं तरी ते तिनेच काढलेलं दिसत होतं. खाली सही मात्र भलत्याच कुणाची होती, आणि ते पान तिने जन्मात कधी काढलेलं नव्हतं.

नवी चित्रकथा सुरू झाली होती. लोकांची अडकलेली दारं उघडून देणारा एक कुलूपवाला, आणि प्रत्येक दारामागे काहीतरी भानगड. गोष्ट बरी होती, पण तिचं लक्ष गोष्टीकडे नव्हतंच. कुलूपवाल्याच्या चेहऱ्यावरची सावली रेघांची नव्हती, ठिपक्यांची होती. गालफडापाशी दाट, हनुवटीकडे विरळ होत गेलेले बारीक, गोल, सुटे सुटे ठिपके. आणि उजेड वरून, डाव्या बाजूने. दुपारी रस्त्यावर डावीकडून, दिव्याखाली डावीकडून, तळघरात जिथे उजेड यायला जागाच नाही तिथेही डावीकडून.

असं कॉमिक कुणी काढत नाही. ती काढायची.

तिची सवय प्राणिशास्त्र विभागातली. शिक्षण संपल्यावर तिथे ती किड्यांची चित्रं काढायला लागली होती. तिथले नियम साधे होते. सावली ठिपक्यांनीच दाखवायची, कारण रेघ काढली तर बघणाऱ्याला वाटतं की किड्याच्या पाठीवर खरंच रेघ आहे. आणि उजेड नेहमी वरून डावीकडून, म्हणजे उंचवटा कुठला आणि खळगा कुठला याचा घोळ होत नाही. एकदा तिने भुंगेऱ्याच्या वाढीच्या अवस्था चौकटींत काढल्या, अळीपासून पंख फुटेपर्यंत. चित्रं बिनचूक होती. प्राध्यापकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण यात गोष्ट कशाला घातलीस?" तिने गोष्ट घातली नव्हती. ती आपोआप झाली होती. त्या दिवसापासून मात्र तिला चौकटींचा नाद लागला. पुढे शाळांना तक्ते पुरवणाऱ्या एका कंपनीसाठी तिने काही काम केलं, आणि तेही सोडून ती मास्तरांच्या स्टुडिओत आली.

स्टुडिओ म्हणजे छापखान्याच्या वरची एक लांबट खोली. खालचं यंत्र सुरू झालं की टेबलावरच्या शाईत तरंग उठत. मास्तर तिथे कैक वर्षं एका दर्यावर्दी नायकाची चित्रकथा काढत होते. जाड ब्रश, दणदणीत फटकारे, पान बघताना कानात आवाज यावा असं काम. तिने पहिल्यांदा आपली चित्रं दाखवली तेव्हा ते पानावर वाकले आणि ओरडले, "अगं, या मुंग्या कुणी सोडल्या कागदावर?"

तेव्हापासून ती मुंगी. मास्तरांनी तिच्या हातातलं टोकदार पेन काढून घेतलं आणि ब्रश दिला. दिवसभर ती त्यांच्या पेन्सिलीवर त्यांच्यासारखीच शाई चढवायची. घरी जाऊन स्वतःचं पुस्तक काढायची, ठिपक्यांनी. एका संग्रहालयातल्या पहारेकरणीची गोष्ट होती ती.

ते पुस्तक प्रकाशकबाईंनी घेतलं होतं. आणि आता त्याच बाईंनी तिला बोलावून हे साप्ताहिक समोर टाकलं होतं.

"मला ओरडायचं नाहीये," बाई म्हणाल्या. "पण उद्या तुझं पुस्तक आलं की लोक काय म्हणतील? हिने त्या कुलूपवाल्याची नक्कल केली. त्याचं आधी छापलं गेलंय."

"मी आधीपासून असंच काढते."

"ते तुला माहीत, मला माहीत. वाचकाला काय स्वप्न पडणार आहे? हे बघ, तुझी पानं कुणीतरी बाहेर नेली असतील तर तो कोण ते मला सांग. मी भांडायला तयार आहे. नाहीतर तुझी पद्धत बदल आणि पुस्तक पुन्हा काढ."

"पुन्हा?"

"मग थांबवू या," बाई म्हणाल्या, आणि चहाचा कप असा ठेवला की बोलणं संपलं.

पुस्तकाची पानं पाहिलेली माणसं मोजकी होती. स्वतः बाई. संवादाच्या फुग्यांतली अक्षरं लिहिणारी मावशी, जी स्टुडिओतच कोपऱ्यातल्या टेबलावर बसे. आणि मास्तर. मावशीकडे पानं गेली ती कुलूपवाला सुरू झाल्यानंतर, म्हणजे तिचा प्रश्नच नव्हता. बाई स्वतःच्याच पुस्तकावर कशाला धोंडा घालतील?

राहिले मास्तर.

त्यांनी पानं मागून घेतली होती. "बघतो जरा सावकाश" म्हणून घरी नेली आणि किती तरी दिवस परत दिली नाहीत. विचारलं की म्हणत, "आणतो, आणतो, मी काय खाणार आहे ती?" परत आली तेव्हा कोपरे मऊ पडले होते, जसे वारंवार हाताळलेल्या कागदाचे पडतात. तेव्हा तिला बरं वाटलं होतं, इतक्या वेळा पाहिली म्हणून. आता त्याच कोपऱ्यांमुळे तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

एकदा संशय बसला की माणूस साधं पाणी प्यायला तरी त्यात काही तरी मुरतंय असं वाटतं. ती आत आली की मास्तर समोरच्या कागदावर टिपकागद ओढत. पूर्वीही ओढत असतील. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला अलीकडे बारीक पेनाची खूण पडली होती, आणि मास्तर तर ब्रशचे. खालचा खण ते गुडघ्याने लोटून बंद करत. साप्ताहिकाचं नाव काढलं की बोलणं भलतीकडेच वळवत.

"मास्तर, तो कुलूपवाला पाहिलात?"

"पाहिला. बरा आहे. माझ्या नाखव्याच्या दोरीला शाई लाव आधी."

"कोण काढतं तो?"

"मला काय विचारतेस? मुंग्यांचं वारूळ तुझं." आणि मावशीकडे बघून डोळा मिचकावला. मावशी हसली. मुंगी हसली नाही.

"हिचं काय बिनसलंय?" मावशीने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि मनात नोंद केली की मास्तरांनी 'कोण' या प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

एके दिवशी दुपारी खाली छापखान्यात नायकाचा लाल सदरा तपकिरी छापला गेला. मास्तर आरडाओरडा करत जिना उतरले. मावशी जेवायला गेली होती. मुंगी उठली, त्यांच्या टेबलापाशी गेली आणि खालचा खण ओढला.

आत कागदच कागद होते. सगळ्यांवर ठिपके. ठिपक्यांचे गोळे, ठिपक्यांची नाकं, कान, कंदील धरलेले हात. एका कागदावर तर तिचीच पहारेकरीण होती, तिच्याच पानावरून उतरवलेली.

"मिळालं का हवं ते?"

मास्तर दारात उभे होते. जिना चढून दम लागलेला, हातात तपकिरी सदऱ्याचा नमुना.

"हे काय आहे, मास्तर?"

"दिसत नाही? मुंग्या."

"साप्ताहिकाला कधीपासून देताय?"

मास्तरांचा चेहरा आधी कोराच राहिला. मग अर्थ आत पोचला तसा तो हळूहळू लालसर झाला. "काय म्हणालीस?"

"माझी पानं घरी नेलीत. ठेवून घेतलीत. माझ्यासमोर ठिपक्यांना नावं ठेवता आणि खणात हे. याला चोरी म्हणतात, मास्तर. दुसरा शब्द मला माहीत नाही."

ते एखादा फटकारा मारतील असं तिला वाटलं, बोलण्यातून निदान. पण ते आत आले, खुर्चीत बसले आणि सदऱ्याचा नमुना गुडघ्यावर सरळ करत राहिले.

"यातला एक कागद मी नेतेय," ती म्हणाली. "प्रकाशकबाईंना दाखवायला."

"ने," मास्तर म्हणाले. तिने वरचा उचलला तसे ते खाली बघतच म्हणाले, "तो नको. हात आहे ना, तो ने. जरा बरा जमलाय तो."

घरी येईपर्यंत ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. चोर असं म्हणतो का? पण पुरावा हातात होता आणि सकाळी बाईंकडे जायचं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने एकीकडे साप्ताहिकाची पानं मांडली, दुसरीकडे मास्तरांचा कागद. साम्यं कुठे कुठे आहेत ते पेन्सिलीने दाखवायचं, म्हणजे बाईंना फार समजवावं लागणार नाही.

आई भांडी पुसून फळीवर लावत होती. "चोर सापडला म्हणतेस?"

"सापडला."

"मग तोंड असं का केलंयस? चोरच वाटतेस तू."

तिने पेन्सिल उचलली आणि तशीच धरून बसली. विभागात तिला शिकवलं होतं की दोन किडे एकाच जातीचे आहेत का हे ठरवायचं तर साम्यं मोजायची नाहीत. साम्यं सगळ्यांतच सापडतात. फरक शोधायचे. आणि गेले कितीतरी दिवस ती नुसती साम्यंच गोळा करत बसली होती.

तिने भिंग घेतलं.

मास्तरांचे ठिपके गोल नव्हते. प्रत्येकाला बारीकशी शेपटी होती. ब्रशची सवय झालेला हात पेन उचलायच्या आधीच पुढे सरकत होता. कुलूपवाल्याचे ठिपके स्वच्छ गोल होते. असे ठिपके पडायला वर्षं जातात. मास्तरांना ते साधलेले नव्हते. हे काम त्या हाताचं नव्हतंच.

मग तिने हात पाहिले. मास्तरांनी तिच्या पानावरून काढलेल्या हातावर उजेड डावीकडून होता, तिच्यासारखाच. कुलूपवाल्याच्या चेहऱ्यावर डावीकडून, कोटावर डावीकडून, दारावर डावीकडून. आणि हातावर उजवीकडून. तिने दुसरं पान घेतलं, तिसरं घेतलं. कुलूपवाला असो, घरमालकीण असो, पोलीस असो, मनगटापर्यंत उजेड एका बाजूने आणि मनगटाच्या पुढे दुसऱ्या बाजूने.

"हे कसं शक्य आहे?" ती मोठ्यानेच म्हणाली.

"काय?"

"सगळं नीट आहे आणि नुसत्या हातांवर उजेड उजवीकडून आहे."

आईने मागे वळून टेबलावर नजर टाकली. "मग? तुझ्या त्या तक्त्यातही तसाच आहे की. भांडी पुसताना रोज माझ्या डोळ्यांसमोर असतो."

स्वयंपाकघराच्या दाराजवळ भिंतीला ओल आली होती. ती झाकायला आईने तिथे एक जुना तक्ता टांगला होता. हाताची हाडं. मुंगीने तो स्वतः काढला होता, आणि रोज पाहून पाहून पाहायचाच सोडला होता. कंपनीने छापताना फिल्म उलटी लावली. उजवा हात डावा झाला, डावीकडचा उजेड उजवीकडून आला, आणि खाली मात्र ठळक अक्षरांत 'उजवा हात' असंच छापलं गेलं. ती तक्रार घेऊन गेली तेव्हा कंपनीचे साहेब म्हणाले, "हातच आहे ना? पाच बोटं आहेत ना? मग झालं तर." ते तक्ते सगळीकडच्या शाळांत गेले. कुणाच्याही लक्षात आलं नाही. म्हणून तर तिने ती नोकरी सोडली होती.

ती खुर्चीत मागे टेकली. मास्तरांनी तो तक्ता कधी पाहिला नव्हता. मावशीने नाही, बाईंनीही नाही.

"आई," ती म्हणाली, "मी आज फार वाईट बोलले एका माणसाला."

"चोराला?"

"नाही ना."

सकाळी बाईंकडे जायच्याऐवजी ती साप्ताहिकाच्या कचेरीत गेली. कुलूपवाल्याचा चित्रकार पुढचं पान द्यायला आलाच होता. किडकिडीत, कानाच्या पाळीला शाई लागलेला, तिच्यापेक्षा बराच लहान. तिने आपण वाचक आहोत असं सांगितलं. ते खोटं नव्हतं.

"एक विचारू? तुम्ही हातावर उजेड उजवीकडून का दाखवता?"

"म्हणजे?"

"बाकी सगळीकडे डावीकडून असतो."

तो गोंधळला. "हातावर उजवीकडूनच असतो ना, ताई?"

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? शाळेच्या प्रयोगशाळेत तक्ते होते. बडबड केली की बाई मला त्यांच्यासमोर उभं करायच्या. आणि मी काय कमी बडबड केली?" तो हसला. "बेडूक, हृदय, भुंगेरा, सगळे बघून बघून काढलेत मी. ठिपके तिथूनच घेतले. हाताच्या तक्त्यासमोर तर सगळ्यात जास्त उभा राहिलोय. हात म्हटलं की मला तोच दिसतो."

"ते तक्ते कुणी काढले, ठाऊक आहे?"

"कंपनीचे होते. ते कुणी काढतं थोडंच?"

तिला हसू आलं. "मीसुद्धा ठिपक्यांनीच काढते," ती म्हणाली.

त्याचं हसू तिथल्या तिथे मावळलं. "असं? कुठे शिकलात?" आणि विचारता विचारता त्याने टेबलावरचं नवं पान उपडं केलं. ती हालचाल तिने ओळखली. स्टुडिओत ती तेवढंच तर बघत होती इतके दिवस.

प्रकाशकबाईंना तिने ओलीचा डाग पडलेला तक्ता गुंडाळून नेऊन दाखवला. बाई आधी तक्ता, मग साप्ताहिक, मग पुन्हा तक्ता असं बघत राहिल्या आणि खो खो हसल्या.

"म्हणजे हे सगळं तुझंच पिल्लू! तुझं आधीचं आहे याला आता हा कागदच साक्षीला आहे. पुस्तक छापू. आणि कुणी म्हणालंच नक्कल, तर म्हणायचं हात बघा. उजेड उजवीकडून असेल तर तो, डावीकडून असेल तर ही." मग त्या एकदम गंभीर झाल्या. "पण त्याला हे सांगितलं नाहीस ना?"

"अजून नाही."

"सांगूही नकोस. त्याने हात सुधारले तर दोघांत काय फरक उरला? पुन्हा माझ्या डोक्याला ताप."

तिने तक्ता गुंडाळला. पुस्तक बचावलं होतं. त्यापलीकडे आज विचार करायची तिची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मास्तर पाठमोरे बसले होते. मावशीने तिला पाहिलं आणि समोरच्या पानावर टिपकागद ओढला. मुंगीने उभ्यानेच सगळं सांगितलं, तक्ता, शाळा, उजेड, आणि शेवटी, "माझं चुकलं, मास्तर. खण उघडला तेही आणि बोलले तेही."

मास्तर बराच वेळ ब्रश धूत राहिले. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता.

"माझ्या नाखव्याला आता कुणी विचारत नाही," ते म्हणाले. "फटकारे जुने झाले म्हणतात. म्हटलं, या वयात नवीन काही जमतंय का बघू. पण तुलाच कसं विचारणार? तुझ्या हातातलं पेन मीच काढून घेतलं होतं." मग खुर्ची फिरवून तिच्याकडे पाहिलं. "त्या पोराला सांगितलंस, हात उलटा आहे म्हणून?"

"नाही."

"का?"

"बाई म्हणाल्या नको. पुस्तकाला अडचण होईल."

"हं." मास्तरांनी खणातून कागद काढला, टेबलावर ठेवला. "मग माझ्या ठिपक्यांत काय चुकतंय तेही नाही सांगणार. मलाही जमलं तर अडचण व्हायची."

हे त्यांनी चिडून म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तेच तिला जास्त लागलं. ती त्यांच्या बाजूला स्टूल ओढून बसली, पेन घेतलं.

"शेपट्या येतायत, बघा. तुम्ही मनगट सरकवता. पेन आधी सरळ वर उचलायचं. वर. मग पुढे. कागदाला टेकलेलं असताना काही हलवायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

मास्तरांनी पेन हातात घेतलं, पण ठिपका टाकायच्या आधी तिच्या बोटांकडे तिरकं पाहून घेतलं. भाजीवाल्याच्या काट्याकडे पाहतात तसं. आणखी काहीतरी असणार आणि ही ते सांगत नाही, हे त्यांच्या नजरेत स्पष्ट होतं. तिने हात उघडून टेबलावर ठेवला, नीट दिसेल असा. त्यांनी ठिपका टाकला. गोल पडला. दुसऱ्याला शेपटी आली.

ती उठून खोलीबाहेर जिन्यावर गेली आणि साप्ताहिकाच्या कचेरीत फोन लावला. कुलूपवाल्याचा चित्रकार तिथेच होता.

"मी काल आले होते ती," ती म्हणाली. "तुमच्या शाळेतला तो हाताचा तक्ता उलटा छापला गेलाय. चुकून. हातावरही उजेड डावीकडूनच यायला हवा. म्हटलं, तुम्हाला माहीत असावं."

खाली छापखान्याचं यंत्र सुरू झालं, जिन्याची पायरी थरथरली.

"ताई," तो सावकाश म्हणाला, "तुम्हाला कसं माहीत?"

"तो मी काढलाय."

तो हसला, पण काल हसला होता तसा नाही.

"ते तक्ते कंपनीचे होते," तो म्हणाला. "आणि तुम्हीही ठिपकेच काढता, काल तुम्हीच म्हणालात. माझे हात चांगले चाललेत, ताई. लोक ओळखतात त्यावरून. तुम्ही मला हे का सांगताय?"

खरं कारण तिला माहीत होतं. पण त्याच्या जागी ती असती तर तिनेही त्यावर विश्वास ठेवला नसता.

पुढच्या आठवड्यात कुलूपवाल्याचं नवं पान आलं. मोठ्या चौकटीत नुसता हात होता, किल्ली धरलेला, सुरेख. उजेड उजवीकडून होता, आणि या खेपेला मुद्दाम पाडल्यासारखा लख्ख.